ताडोबा, मे महिना, सोबत आजी-आजोबा आणि मुलं: काय सांभाळायचं, काय बघायचं?

सहाजणांची_जिप्सी (मूळ प्रश्न)

मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून ताडोबाला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं 7 आणि 12 वर्षांची, आई 66, बाबा 71. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी सगळे ठीक. तीन मुक्काम. मोहर्ली गेटच्या दोन सकाळच्या कोअर (जंगलाच्या आतल्या गाभ्यातल्या) सफारी मिळाल्या आहेत. रिसॉर्ट मात्र कोलाऱ्याकडचं बऱ्याच कमी दरात मिळतंय. ते घ्यावं का? दोन सफारी पुरतात का, की अजून एखादी घ्यावी? मेच्या उन्हात आई-बाबांना आणि धाकट्याला न्यायचं म्हणजे नक्की कशाची काळजी घ्यायची? आणि जंगलात "बघायचं" कसं, हे कुणी नीट सांगेल का? "नशिबात असेल तर वाघ दिसेल" एवढंच सगळे सांगतात.

मोहफूल

आधी रिसॉर्टचं. घेऊ नका. मोहर्ली जंगलाच्या दक्षिणेला, कोलारा उत्तरेकडे. नकाशावर जवळ दिसतात, पण जंगलातून आरपार जाऊ देत नाहीत, बाहेरून मोठा वळसा पडतो. मेमध्ये सकाळची सफारी साडेपाचच्या आसपास सुटते आणि गेटवर अर्धा तास आधी हजर राहावं लागतं. म्हणजे कोलाऱ्याहून मध्यरात्रीनंतर लगेच उठून, अंधारात, जनावरं आडवी येणाऱ्या रस्त्याने गाडी हाकायची. ज्या गेटची सफारी, त्याच गेटजवळ मुक्काम. मोहर्लीत वनविभागाचं आणि पर्यटन महामंडळाचं निवासही आहे, तिथे आधी चौकशी करा.

दोन सफारी कमी आहेत. तीन मुक्कामांत चार ठेवा, पण चारही कोअरच्या हव्यात असं अजिबात नाही. मोहर्लीच्या आसपास आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलाची गेटं आहेत. बफरमध्ये गर्दी कमी, तिकीट सहसा मिळून जातं आणि वाघाला कोअर-बफरची रेघ कळत नाही. एकूण सव्वासतराशे चौरस किलोमीटरच्या व्याघ्र प्रकल्पात बफर अकराशेच्या घरात आहे. तिथले वाघ, बिबटे, अस्वलं काही पाहुणी म्हणून येत नाहीत.

दर सफारीला गेट बदलण्याचा मोह टाळा. एकाच भागात दोन-तीन वेळा गेलात तर काल कुठे ताजे ठसे होते, कुठल्या पाणवठ्यावर कोण बसलं होतं, याचा धागा गाईडच्या हातात असतो. चार सफारी चार गेटांवर केल्या की दरवेळी पहिलीच सफारी.

मंगळवारी कोअर बंद असतो. मुक्कामाचा मधला दिवस मंगळवार येत नाही ना, बघा. बुकिंग सरकारी संकेतस्थळावरूनच करा. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का तपासा, कारण हुबेहूब दिसणारी खासगी पानं भरपूर आहेत आणि ती दोन-तीन पट पैसे घेतात. बुकिंगला जे ओळखपत्र दिलंत तेच मूळ कार्ड गेटवर लागतं. मोबाइलमधला फोटो चालेल अशा भरवशावर राहू नका. सहाही जणांची नावं पहिल्याच वेळी अचूक भरा, नंतर बदलता येतील असं धरून चालू नका. प्रवेश, जिप्सी (सफारीची उघडी गाडी) आणि गाईड असे तीन वेगळे आकडे असतात. कशाचे भरले आणि कशाचे गेटवर द्यायचे, ते पावतीवर वाचून घ्या.

कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. फोटो हवे असतील तर साधा का होईना, वेगळा कॅमेरा न्या. आणि घरच्यांना सांगून ठेवा की चार-पाच तास फोन लागणार नाही.

बसायची जागाही ठरवून घ्या. जिप्सीत मागे दोन रांगा, तीन-तीन जणांच्या. शेवटची रांग उंच, दिसतं छान, पण मागच्या चाकांवर येते, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. आई-बाबांना पुढच्या रांगेत बसवा, धाकट्याला त्यांच्या मध्ये. आपल्या माणसांना चांगलं दिसावं म्हणून म्हाताऱ्यांना मागे उंचावर बसवतात आणि दुसऱ्या सफारीला ते येतच नाहीत.

दुर्बीण_आठ_बेचाळीस

"बघायचं कसं" यावर लिहितो.

वाघ शोधायचा नसतो, त्याला बघितलेली जनावरं शोधायची असतात. तीन आवाज मुलांना आधीच ऐकवून ठेवा. चितळाचा तीक्ष्ण, शिट्टीसारखा "कॉऊ". वानराचा खाकरल्यासारखा, खोकल्यासारखा आवाज. सांबराचा मोठा, घणाघाती "ढांक". या तिघांत चितळ सर्वात घाबरट. रानकुत्रं, बिबट्या, कधी नुसत्या हलत्या सावलीलाही ओरडतं. एखाददुसरा कॉल (असा इशाऱ्याचा आवाज) येऊन थांबला तर त्यामागे धावण्यात अर्थ नाही. वानर झाडावरून खाली बघून ओरडतो, म्हणून त्याची नजर कुठे आहे ते महत्त्वाचं. सांबर मात्र उगीच ओरडत नाही. शेपटी ताठ, पुढचा पाय आपटतंय, एकाच दिशेला बघत पुन्हापुन्हा ओरडतंय, म्हणजे समोर काहीतरी आहेच. आणि कॉल एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे सरकत गेले तर जनावर चालतंय. अशा वेळी आवाजाच्या जागी जाऊन उपयोग नसतो. ते चालत-चालत रस्ता किंवा नाला कुठे ओलांडेल तिथे आधी जाऊन इंजिन बंद करून थांबायचं. चांगला गाईड हेच करतो.

ठसे बघताना एकच प्रश्न विचारा: ठसा टायरच्या खुणेवर आहे की टायर ठशावर? टायरच्या रेघेवर उमटलेला ठसा म्हणजे शेवटची गाडी गेल्यानंतर तो इथून गेला. सकाळच्या पहिल्या गाडीला ही माहिती सोन्यासारखी.

मेचा खरा फायदा पाणवठा. पानगळ झालेली, गवत वाळलेलं, पाणी मोजक्याच जागी. उन्हात वाघ पाण्यात बसतो, तोही बहुतेकदा उलट्या पावली, आधी मागचं अंग पाण्यात सोडून. तोंडावर पाणी आलेलं त्याला आवडत नाही. पाणवठ्यावर 20-30 मिनिटं नुसतं बसायची तयारी ठेवा. पाच मिनिटांत "चला पुढे" म्हणणाऱ्या जिप्सीला दिवसभर धूळ आणि दुसऱ्या गाड्या दिसतात. तोवर बघायला कमी नसतं. पाण्यावर उतरणारा सर्पगरुड, काठाशी लाकडासारखी पडलेली मगर (ताडोबा तलावात त्या आहेत), संध्याकाळी येणारे गवे. रानकुत्र्यांची टोळी दिसली तर वाघाइतकंच नशीब समजा. देशात ती सहज दिसावीत अशा जागा थोड्याच आहेत, ताडोबा त्यातली एक.

गाडी सुटायच्या आधी गाईडला स्वच्छ सांगा: "पळापळ नको, जे दिसेल ते दाखवा, पक्षीसुद्धा." हे न सांगितल्यास पर्यटकाला फक्त वाघ हवा असं तो धरून चालतो आणि वायरलेस नसला तरी समोरून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत गाडी पळवत राहतो. दोष त्याचा नाही, वाघ न दिसल्याचा राग आणि रिकामा हात त्यालाच मिळतो.

दुर्बीण घ्यायची तर 8×42, म्हणजे 8 पटीची. 10 पटीची हलत्या जिप्सीत स्थिर राहत नाही आणि मुलांना तर त्यातून काही सापडतच नाही. सहा जणांत निदान दोन असाव्यात, नाहीतर ओढाओढी. कॅमेऱ्याला 100-400 मिमी सारखी लेन्स पुरे, वाघ बऱ्याचदा 400 ला मावणार नाही इतका जवळ येतो. शटर निदान 1/1000 सेकंद, आयएसओ ऑटोवर. तिकाटणं जिप्सीत निरुपयोगी. रिकामी कापडी पिशवी घरून न्या, तिथे किलो-दीड किलो तांदूळ भरा, जिप्सीच्या दांड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. परत निघताना तांदूळ कुणालातरी देऊन टाका. आत लेन्स बदलू नका, धूळ सेन्सरवर बसलीच म्हणून समजा. कॅमेरा दोन फोटोंच्या मधे उशीच्या अभ्ऱ्यात ठेवा. फ्लॅश बंद, तोही दारातच, आत गेल्यावर आठवून नाही.

डॉ_तापमापक

मेमध्ये चंद्रपुरात पारा 45 च्या वर जाणं नेहमीचं. त्या सफारीत धोका कशाचा, तर वाघाचा क्रमांक फार खाली लागतो. पहिला क्रमांक उन्हाचा.

वडिलांच्या गोळीचं नाव बघा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, त्यात घाम आणि कमी पाणी यांची भर पडली की उभं राहताच चक्कर येते. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना "आठवडाभर 45 अंशांत जाणार आहोत" हे सांगून विचारून घ्या. गोळी स्वतःहून बंद किंवा अर्धी करू नका.

पाणी: सकाळच्या सफारीला मोठ्या माणसामागे दीड लिटर, मुलामागे एक. दुपारच्याला मोठ्यांचं दोनवर न्या. ओआरएसची मोठी पुडी एका लिटरमध्ये पूर्ण विरघळवायची. अर्धी पुडी पेल्यात टाकून पिणं चुकीचं, मिठाचं प्रमाण बिघडतं आणि मुलांना त्रास होऊ शकतो. "ओआरएस" सारखं नाव लावलेली गोड पेयं त्या कामाची नाहीत. शौचालयाची अडचण नको म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. हे मेमध्ये धोक्याचं आहे, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोकाही वाढतो. निघायच्या आधी गेटवर जाऊन या आणि आतल्या ठरलेल्या थांब्यावर गाडी कधी थांबेल ते गाईडला सुरुवातीलाच विचारा. अधेमधे झाडाआड उतरता येत नाही.

सुती पंचा किंवा ओढणी भिजवून डोक्या-मानेवर, वरून टोपी. मळखाऊ, मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे सैल कपडे. दम्याचा त्रास असेल तर पंप पिशवीत नाही, खिशात. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा, धूळ डोळे फोडते.

उष्माघात ओळखायची खूण म्हणजे वागणं बदलणं. माणूस असंबद्ध बोलतोय, अंग भाजतंय, तोल जातोय, तर तो "थकला" नाही. लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी टाकून वारा घाला, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही.

रिसॉर्टमधली एक गोष्ट कुणी सांगत नाही. मुलांसाठी खाली जमिनीवर गादी टाकू देऊ नका. मण्यार रात्री फिरते, दंश दुखत नाही, जागेवर सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं अशी सुरुवात होते आणि तोवर वेळ गेलेला असतो. जादा पलंग मागा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. अंधारात दोन पावलं जायचं असलं तरी बॅटरी आणि बंद बूट, सकाळी बूट आपटून मगच घाला. दंश झालाच तर चिरा, चोखणं, घट्ट दोरी यातलं काही नाही. हात-पाय हलू न देता, अंगठ्या-घड्याळ काढून, सरळ सर्पविष प्रतिबंधक लस असलेल्या रुग्णालयात. मोहर्लीहून म्हणजे चंद्रपूर. पोचल्या दिवशीच रिसॉर्टवाल्यांना विचारून ठेवा की रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल.

अत्तर, सुगंधी तेल नको. जंगलात आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने ती उठू शकतात. उठलीच तर हातवारे न करता तोंड-डोकं झाका आणि गाडी तिथून काढायला लावा. काटा जितक्या लवकर खरवडून काढाल तितकं बरं. ओठ सुजले, श्वास लागला, तर वाट बघू नका.

परतल्यावर दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना "जंगलात जाऊन आलो" हे पहिल्या वाक्यात सांगा. विदर्भात मलेरियाबरोबर स्क्रब टायफसही (गवत-झुडपातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप) आहे. त्याचा जोर पावसाळ्यात आणि नंतर असतो, मेमध्ये कमी. पण काखेत, कमरेवर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली तर ती दाखवा. औषध साधं आहे, उशीर मात्र महागात पडतो.

सहाजणांची_जिप्सी

कोलाऱ्याचं रद्द, मोहर्लीतच बघतोय. आणखी दोन सफारी घेतल्या तर दुपारच्या घ्याव्या लागतील असं दिसतंय. आई-बाबांना झेपेल? आणि उघड्या जिप्सीजवळ वाघ आला तर काय करायचं? आई याच भीतीने तयार होत नाहीये.

मोहफूल

आईंना सांगा, जिप्सीत शांत बसलेल्या माणसाला वाघ गाडीचा भाग म्हणूनच घेतो. ही जनावरं लहानपणापासून गाड्या बघत मोठी झालेली असतात. उभं राहिलं, हात बाहेर काढला, ओरडलं, की तो ओळखीचा आकार तुटतो. म्हणून नियम सरळ आहेत. बसून राहायचं. हात, ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा आत. काही खाली पडलं, टोपी असो वा लाखाची लेन्स, तरी उतरायचं नाही, गाईडला सांगायचं. आत खाणं उघडायचं नाही.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जनावरापासून किमान 20 मीटर आणि दोन गाड्यांत 50 मीटर अंतर हवं. वाघ रस्त्यावरून तुमच्याकडेच चालत आला तर ड्रायव्हर गाडी मागे घेत राहतो. ती भीती नसते, रस्ता त्याचा आहे. बछडेवाली वाघीण असेल, कान मागे चिकटलेले, शेपटी जोरात आपटतेय, गुरगुरतेय, तर "अजून एक फोटो" म्हणू नका, "मागे घ्या" असं तुम्हीच म्हणा. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं. व्हिडिओ पसरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली. गाडीतल्या पर्यटकांनी आरडाओरडा करून "पुढे घ्या" म्हटलं नाही तर बरेचदा अशी वेळ येत नाही.

आईंना भीती वाटायचीच असेल तर जिप्सीबाहेरची वाटू द्या. मोहर्लीचा रस्ता, रिसॉर्टामागचं शेत, इरई धरणाचा काठ, हे सगळं वाघ-बिबट्या-अस्वलाच्या वावरातलं आहे. संध्याकाळी "जेवणानंतर शतपावली" कुंपणाच्या आतच, मुलं हाताशी. चंद्रपूर-मोहर्ली रस्त्यावर जनावर दिसलं तर गाडी थांबवून खाली उतरू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. पायी माणसाला सर्वात वाईट अस्वल. त्याला कमी दिसतं, दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं आणि मेमध्ये तेंदूपत्ता गोळा करायला गावची माणसं पहाटे बफरात जातात आणि बळी त्यांच्यातलेच जास्त जातात. ती झाडाखाली वाकलेली दिसली तर गाडी थांबवून फोटो काढत त्यांचं लक्ष विचलित करू नका.

डॉ_तापमापक

दुपारची सफारी तीनच्या सुमारास सुरू होते, तेव्हा ऊन ऐन भरात. 71 वर्षांच्या, रक्तदाबाच्या माणसाला मी ती सांगणार नाही. धाकट्यालाही नको.

दुर्बीण_आठ_बेचाळीस

डॉक्टरांशी अर्धाच सहमत. पाणवठ्यावर वाघ बसलेला बघायचा तर मेमध्ये चार ते सहाचीच वेळ सर्वात चांगली, ती सरसकट सोडू नका. गट फोडा. सकाळच्या दोन्ही कोअर सफारींना सहाही जण. दुपारची एकच घ्या, बफरमधली, आणि तिला तुम्ही दोघांपैकी एक आणि मोठा मुलगा किंवा मुलगी. जिप्सी पूर्ण भरायला रिसॉर्टमधलं दुसरं कुटुंब बहुतेक मिळतं, खर्च वाटला जातो. मात्र तिकिटावर नाव असलेल्यांनाच सोडतात, म्हणून भागीदार बुकिंगच्या आधी ठरवा. चौथी सफारी तिसऱ्या मुक्कामानंतरच्या सकाळी, पुन्हा बफर, आई-बाबांना जमलं तर.

धाकट्यासाठी: चार तास गप्प बसणं सात वर्षांच्या मुलाला जमत नाही, ते गृहीत धरा. छोटी वही आणि पेन्सिल द्या. दिसलेलं प्रत्येक जनावर, किती, काय करत होतं, हे लिहायचं किंवा काढायचं. मोहर्ली रस्त्यावर गोंड राजांच्या काळातले जुने दगडी खांब ओळीने उभे आहेत, ते मोजायला लावा. कांडोळाचं पांढरं, भुतासारखं चमकणारं खोड ओळखायला शिकवा, मेमध्ये पानं नसल्याने ते लांबूनही दिसतं. वाघ "दाखवण्याचं" कबूल करून नेऊ नका.

मोहफूल

प्रवासाचं राहिलं. पुण्याहून गाडीने एका दिवसात मोहर्ली आणि दुसऱ्या पहाटे सफारी, असा बेत असेल तर बदला. रात्रीच्या रेल्वेने नागपूर, तिथून टॅक्सीने जाम, वरोरा, भद्रावतीमार्गे साधारण तीन तास. स्वतःच्या गाडीने समृद्धी महामार्गावरून, वाटेत मुक्काम करत येणार असाल तर टायर थंड असताना हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा, पाच-सहा वर्षं जुने टायर असतील तर निघण्याआधी बदला, आणि दर दीड-दोन तासांनी थांबा. मेच्या दुपारी त्या काँक्रीटवर टायर फुटतात. मोहर्लीत पोचलात तो दिवस विश्रांतीला ठेवा, सफारी त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे.

सहाजणांची_जिप्सी

बाबांच्या गोळीचं नाव बघितलं, लघवी वाढवणारीच आहे. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. दुपारच्या सफारीला मी आणि थोरली. तांदळाची पिशवी आई शिवतेय, म्हणजे ती येतेय असं समजतो.